पाचव्या क्रमांकाचा झोपाळू

बुधवार, ४ फेब्रु.

आमच्या बुधवारच्या कविता-कट्ट्यावर आज अकरा डोकी. दत्ता सावंतने चौथीच्या पुस्तकातली कविता म्हटली. तिसऱ्या कडव्यात अडकला, तर सगळ्यांनी मिळून पुढची ओळ उचलली. अकरा म्हातारे, पण मला क्षणभर पंचेचाळीस पोरांचा वर्ग ऐकू आला. टेबलावर ठेका धरणारी गुरुजींची पट्टीसुद्धा.

मग दत्ताचा फोन वाजला. मग माझा. मग एकेकाचा. 'अंगण'कडून सूचना : मिठागर रोडवरचा गाळा विकावा असा प्रस्ताव आला आहे. घेणार कुठलीशी पॅथॉलॉजी लॅब. मतदान १ मार्च, दुपारी बारापर्यंत.

तो गाळा म्हणजे आम्ही बसलो होतो तोच.

दत्ता : "आवशीक खाव! आमी हंय बसलेले आसतानाच इकतत?"

कुणीच हसलं नाही.

गुरु. ५

खणातलं जुनं पत्रक काढलं. तीन वर्षं झाली. मालकाने गाळा विकायला काढला तेव्हा हेमंत गुप्ते आला होता. आमच्याच शाळेचा, आमच्यानंतर वीस वर्षांनी. त्याची योजना : 'अंगण' नावाचं डिजिटल नाणं काढायचं, माजी विद्यार्थ्यांनी ते घ्यायचं, त्या पैशांतून गाळा घ्यायचा. कट्टा आम्हाला फुकट. गाळ्याचं पुढे काय करायचं ते नाणेवाल्यांनी मत देऊन ठरवायचं.

पत्रकावर छापलंय : अंगण सगळ्यांचं. अक्षर अजून सुंदर दिसतं.

गुप्तेला फोन. "नाना, मी कोण ठरवणारा? नियम सगळ्यांना सारखाच. एक नाणं, एक मत."

मी म्हटलं, "मी इतकी वर्षं एक माणूस, एक मत असं समजत होतो."

तो हसला. चांगलं हसतो. म्हणून तर तेव्हा...

शनि. ७

सूनबाईला सुट्टी. अंधेरीच्या ऑफिसात आठवडाभर स्क्रीन, तरी सासऱ्यासाठी पुन्हा लॅपटॉप उघडला. नेहाचे उपकार फेडायचे कसे कळत नाही.

तिने एक यादी दाखवली. कुणाकडे किती 'अंगण' आहे ते कुणालाही बघता येतं. नावं नाहीत, नुसते लांबलचक आकडे-अक्षरांचे पत्ते. ती त्याला वॉलेट म्हणते, मी पाकीट.

सहाशेच्या वर पाकिटं. पण शंभर नाणी धरली तर त्यातली चव्वेचाळीस पहिल्या चार पाकिटांत. पाचव्यात अकरा. उरलेली पंचेचाळीस बाकी सगळ्यांत मिळून, चिमूट चिमूट.

"म्हणजे चार माणसं?"

"चारच असतील असंही नाही, बाबा. दुसरं आणि तिसरं एकाच दिवशी, एकाच वेळी हलतात. एकाचीच दोन असू शकतात."

म्हणजे तीन. सगळ्यांचं अंगण, तीन माणसांचं.

आमच्या वर्गात पहिल्या बाकावर चौघे बसायचे. फळा त्यांचा, खडू त्यांचा, गुरुजींची नजर त्यांची. मी शेवटच्या बाकावर, खिडकीशी. तिथून मिठागरं दिसायची, पांढरीशुभ्र. मला तो बाक आवडायचा, पण तो मी निवडला होता. हे वेगळं आहे.

या चौघांनाही मी 'पहिला बाक' नाव ठेवलं. पाचव्याला 'झोपाळू', कारण तो दीड वर्ष हललेला नाही. एकदाही मत दिलेलं नाही. पत्त्याच्या शेवटी ४ब९.

ने. म्हणाली, "बघा, चौघांनी विकायला मत दिलं तर चव्वेचाळीस झाले. झोपाळूचे अकरा तुमच्याकडे आले आणि लहान लोकांचे चौतीस, तर तुम्ही जिंकता. तो झोपलेलाच राहिला तर विसरा."

कट्ट्यावरच्या आम्हा सव्वीस जणांची नाणी माझ्याच पाकिटात आहेत. तेव्हा कुणाला पासवर्डची कटकट नको होती. "नाना, तुझ्याकडेच राहू दे." ती काय, थेंबभर असतील. पण तीही टाकू. सगळं टाकू.

ठरलं. झोपाळूला उठवायचं.

रवि. ८

नाणेवाल्यांच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या.

ऊठ रे झोपाळ्या, उजाडले फार,
अंगण विकाया बसलेत चार.
अकरा दाण्यांचा तुझा गं भरला मुडा,
पाखरं उपाशी, डोळा तरी उघडा.

तिसऱ्या ओळीत 'गं' कुठून आला, मला विचारू नये. ताल सांभाळायचा होता. एकशेबारा जणांनी अंगठे दाखवले. गुप्तेचा मेसेज : नाना, कुणाच्या खासगी मालमत्तेवर अशी टीका बरी नव्हे.

मी खाली आणखी एक ओळ टाकली : एवढं दाबून निजणाऱ्याला लाज कशी वाटत नाही?

छान झोप लागली.

मंगळ. १०

लिहायला हात वळत नाही. पण लिहायचंच.

जुना फोन बंद पडल्यापासून, दीड वर्ष, मी पाकीट उघडलेलंच नव्हतं. ने. म्हणाली नव्या फोनवर उघडून देते, आधी तुमचा पत्ता द्या. मला कुठला पाठ? दत्ताला फोन लावला. त्याच्या वाटची नाणी कुठे पडली ते कळावं म्हणून तेव्हा मी त्याला मेसेज केला होता, त्यात पत्ता होता. त्याने तो वाचून दाखवला, शेवटपर्यंत, मालवणी हेल काढून.

"...चार, ब, नऊ."

ने. ने लॅपटॉपकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत लॅपटॉपकडे.

झोपाळू मी आहे.

पहिल्याच आठवड्यात भाव अगदी कमी होता. तेव्हा सव्वीस जणांनी मिळून घेतलं. कुणी पेन्शनीतून, कुणी सोसायटीच्या व्याजातून. एकेकाचं थोडं. सगळं एकाच पाकिटात पडलं आणि यादीत पाचवा धनिक तयार झाला.

कुमुद चहा ठेवत म्हणाली, "सेहेचाळीस वर्षं रोज सकाळी त्याच झोपाळूला उठवते आहे. मला विचारायचं होतंत. कविता कशाला लिहीत बसलात?"

ग्रुपवरची ती लाजेची ओळ काढून टाकता येत नाही म्हणे आता.

बुध. ११

हसून झालं. आता खरं संकट.

नव्या फोनवर पाकीट उघडायला बारा इंग्रजी शब्द लागतात. त्याच क्रमाने. एक जरी मागेपुढे झाला तरी उघडत नाही. शब्द हरवले तर नाणी यादीत दिसत राहतात, पण जगात कुणालाच हात लावता येत नाही. गुप्तेने तेव्हा बजावलं होतं, कागदावर लिहून जपून ठेवा.

मला कागदाची काय गरज? अख्खी बालभारती पाठ आहे. मी बारा शब्दांचं मराठी केलं, त्यांची चार ओळींची कविता केली, साकीच्या चालीवर, आणि कागद फाडून टाकला. ऐटीत.

आज ने. पुढे कविता म्हटली. ती इंग्रजी शब्द टाइप करत गेली. खिडकी, नदी, आंबा... बाकीचे इथे लिहीत नाही. लाल अक्षरं आली. पुन्हा म्हटली. पुन्हा लाल.

"बाबा, शब्द हेच ना?"

"हेच. एकही दुसरा नाही."

"मग क्रम?"

आणि तेव्हा आठवलं. तिसरी ओळ लंगडत होती. मी ती नीट केली. शब्द उचलून इकडचे तिकडे. यमकही जमवलं. फार सुंदर झाली होती कविता.

सव्वीस जणांची नाणी मी वृत्तात बसवली.

संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्यांना खरं सांगितलं. कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. दत्ता मात्र उसळला : "अरे नान्या, तू ती कविता हंयच म्हटलेलंस! पयल्या बुधवारी! मीच बोललंय, तिसरी ओळ लंगडता म्हणून!"

म्हणजे पहिला खर्डा मी सगळ्यांसमोर म्हटला होता. मूळ क्रमात. पाकिटाची किल्ली, चालीवर, वीस जणांसमोर. टाळ्याही पडल्या होत्या.

कुणाला तो खर्डा आठवतोय का? नाही. सगळ्यांना नंतरचीच आठवते. गोड होती ना.

पण कट्ट्याची एक रीत आहे. कुणी नवी कविता म्हटली की वसुधाताई ती वहीत उतरवून घेतात, ऐकली तशी, तारीख घालून.

वसुधाताई गेलं वर्षभर कट्ट्यावर आलेल्या नाहीत.

गुरु. १२

नव्वद फूट रस्त्यावर वसुधाताईंकडे गेलो. लिफ्ट आहे. घरात काठी घेऊन चालतात. वही कपाटात वरच होती. उघडून त्यांनी स्वतःच वाचलं : "'नानांची नवी कविता. चाल बरी. अर्थ लागला नाही.'"

खाली चार ओळी. त्यांचं ते टपोरं अक्षर. मी हात पुढे केला. त्यांनी वही मिटली.

"देते. आधी सांगा, पाकीट उघडल्यावर माझी नाणी कुठल्या बाजूला टाकणार?"

"म्हणजे काय, आपल्या. गाळा ठेवण्याच्या."

"मला विकायचाय."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"नाना, गाळ्याला तीन पायऱ्या आहेत. कठडा नाही. दोन्ही गुडघे गेलेत माझे. वर्ष झालं, एकाने तरी विचारलं का, की वसुधा का येत नाही? ग्रुपवर सुप्रभातची फुलं तेवढी पाठवता. मला काय करायचाय तो गाळा? तिथे लॅब झाली तर निदान रॅम्प तरी करतील."

पट्टी बसल्यासारखा उभा राहिलो.

दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनीच हाक मारली. "वही न्या. मी अडवून धरणाऱ्यातली नाही. पण माझं मत माझं आहे, एवढं लक्षात ठेवा."

घरी येताना विचार येत होता, पहिल्या बाकावरच्या थोरल्या पाकिटाला कुणी असं कधी विचारलं असेल का? की आत कोण कोण आहे तुझ्या?

शुक्र. १३

उघडलं!

तिसऱ्या ओळीतले दोन शब्द उलटे, चौथीतला एक वरून खाली. वसुधाताईंचा लंगडा खर्डा मी वाचला, ने. ने टाइप केला, आणि हिरवं झालं. कु. ने देवापुढे साखर ठेवली.

ने. : "बाबा, आता एक बटण. 'ठेवावा'. अकरा टक्के एका झटक्यात. झालं काम."

बोट नेलंही. खोटं कशाला लिहू.

मग विचारलं, "एका पाकिटातून दोन बाजूंना मतं देता येतात?"

"नाही. पाकीट एक, बाजू एक."

"मग ज्याचं त्याला परत करू. सव्वीस जणांना सव्वीस पाकिटं."

"पंधरा दिवसांत? त्यातल्या निम्म्यांना साधा ओटीपी सापडत नाही! बाबा, वाट लागेल."

"लागू दे."

तिने फोनवर कॅलेंडर उघडलं. म्हणाली, "दुपारच्या सुट्टीत रोज दोन जणांना फोनवर बसवते. बाकीचे तुम्ही."

रवि. १५. शिवरात्र

पहिली शिकवणी दत्ताकडे, साबुदाण्याची खिचडी खात. दोन तास. बारा शब्द त्याने कागदावर उतरवले, गणपतीच्या ट्रंकेत ठेवले.

"कविता करू नको हां," मी.

"माका वेड लागलासा?"

त्याची नाणी त्याच्याकडे गेली. यादीत माझे अकराचे १०.९ झाले. कमी होताना बघून इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

बुध. १८

नऊ जणांचं झालं. कट्ट्यावर कवितेऐवजी पासवर्ड. आम्ही कधीकाळी पाढे घोकले, तसं सगळे माना डोलवत : कुणाला सांगायचं नाही, कागद हरवायचा नाही, क्रम बदलायचा नाही.

बापटांनी शब्द कॅलेंडरच्या मागे लिहिले. फेब्रुवारीच्या पानामागे. मी विचारलं, एक तारखेला पान फाडणार ना? बापट उठून घरी धावले.

दरम्यान बाकीच्या लहान लोकांना फोन चालू आहेत. दुपारी तीन ते सहा, ग्रुपवरच्या यादीतून एकेक. बहुतेकांचं एकच : "माझ्या एवढ्याशाने काय होणार, काका?" मी आता वाद घालत नाही. पाठ झालेलं उत्तर देतो : "तुमच्यासारखे सहाशे आहेत. मला आत्ता तुमच्याशी बोलायचंय."

आज चाळीस फोन. घसा बसलाय. कु. ने ज्येष्ठमध दिलं.

शनि. २१

दत्ता सकाळी गाळ्यावर, ड्रिल घेऊन. मिलमध्ये फिटर होता, हात अजून तसाच. पायऱ्यांना पाइपचा कठडा बसवला. दोन्ही बाजूंनी. मी फक्त स्क्रू देत होतो आणि लाजत होतो. अर्ध्या दिवसाचं काम. वर्षभर सुचलं नाही.

वसुधाताईंना फोन करून सांगितलं.

"बरं केलंत. पण कठडा लावलात म्हणून मत फिरेल असं समजू नका."

"नाही समजत. लाच नाही ती."

"मग काय आहे?"

"उशीर आहे, ताई."

"माझ्या पाकिटाचं कधी शिकवताय?"

मंगळ. २४

वसुधाताईंचं झालं. सगळ्यात लवकर शिकल्या. बारा शब्द मी परत नेलेल्या कट्ट्याच्या वहीत लिहायला निघाल्या होत्या, मीच थांबवलं. त्यांची नाणी त्यांच्याकडे : शंभरात ०.४.

दुपारी गुप्ते घरी. पेढे घेऊन. इकडचं तिकडचं बोलला, शाळेतल्या चिंचेच्या झाडापर्यंत. ते झाड खरंच होतं. त्याला ते माझ्याइतकंच आठवतं, हे बघून वाईट वाटलं.

मग : "नाना, झोपाळू तुम्ही आहात हे कळलं मला. तुमचे अकरा विकण्याच्या बाजूला द्या. कट्ट्याला दुसरीकडे जागा मिळवून देतो. लिहून देतो."

"हेमंत, माझ्याकडे अकरा नाहीत. चार उरलेत. तेही शनिवारपर्यंत जातील."

"वाटून टाकताय? अहो, एकत्र होते म्हणून तर तुम्हाला किंमत होती!"

"ती किंमत तू मोजायला आलास. सव्वीस जणांकडे पेढे घेऊन जाशील का?"

पेढे ठेवून गेला. कु. ने कामवालीला दिले. एक मी खाल्ला.

शुक्र. २७

मराठी दिन. फोनवर शुभेच्छांचा पूर, त्यातच मतांचे निरोप. सातारा, ठाणे, मस्कत. 'काका, दिलं.' 'नाना सर, आईचं पण दिलं.' मी सर कधीच नव्हतो, पाणीखात्यात कारकून होतो. दुरुस्त केलं नाही.

पहिल्या बाकाने आज मत दिलं. चारही पाकिटं, दहा मिनिटांत. विकावा : ४४.

ठेवावा : २९.

पहाटे नाही, उजाडल्यावर मिठागरांकडे फिरून आलो. खाडीत रोहित पक्षी होते, गुलाबी, दूरवर. किती ते मोजता येत नव्हतं. छान वाटलं. परत आलो आणि फोन घेतला.

शनि. २८

सव्वीसपैकी चोवीस झाले, मी धरून. दोघं सापडत नाहीत. घर बदललं, नंबर बंद. त्यांची नाणी वेगळ्या पाकिटात ठेवली. ने. : "बाबा, ती तरी टाका ना मतात. पाऊण टक्का आहे. कुणाला कळणार?"

"मला."

"तेवढ्यानेच हरलात तर?"

"तर हरलो."

रागावली. मग स्वतःच त्या दोघांना शोधायला फेसबुक उघडून बसली.

ठेवावा : ४१.

रवि. १ मार्च

कट्ट्यावरूनच लिहितोय, वहीच्या मागच्या पानांवर. बुधवार नसून सगळे आलेत. खुर्च्या कमी पडल्या, दत्ता पायरीवर.

दहा वाजता : विकावा ४४.६, ठेवावा ४३.७.

अकरा : ४५.१, ४४.३. म्हणजे लहानांतलेही काही विकायच्या बाजूचे. असणारच. त्यांचंही अंगण.

माझं मत सकाळी साडेआठला दिलं. फक्त माझं.

साडेअकरा : ४५.१, ४४.८. फरक ०.३. वसुधाताईंचे ०.४ आहेत.

पावणेबाराला रिक्षा थांबली. वसुधाताई. काठी रिक्षातच विसरत होत्या, दत्ता धावला. एका हातात पर्स. दुसरा हात त्यांनी कठड्यावर ठेवला, हलवून बघितला, पक्का आहे ना. मग एक पायरी. मग दुसरी. आम्ही सगळे माना वळवून, जसं काही त्या वर्गात उशिरा आल्यात आणि गुरुजी काही बोलणार आहेत.

बसल्या. घाम पुसला.

न राहवून विचारलं, "दिलंत?"

"आधी बसू तर द्या. दमले. कुणाची पाळी आहे आज?"

"पाळी कुणाचीच नाही. आज..."

"मग म्हणा कुणीतरी. वर्षभर ऐकलं नाहीये." पर्समधून फोन काढून मांडीवर ठेवला. चष्मा शोधू लागल्या.

दत्ताने चौथीतलीच सुरू केली. तिसऱ्या कडव्यात अडकला. या वेळी पुढची ओळ वसुधाताईंनी दिली.

मी यादी उघडली. पहिला बाक जागच्या जागी. पाचव्या जागेवर कुणी भलतंच. स्वतःला शोधायला बोट खाली खाली नेत गेलो, पानामागून पानं. इतक्या जणांमधून जावं लागलं. सापडलो, दोनशे सदतिसावा. माझ्या वर बापट, खाली दत्ता.

शेवटचा बाक. इथून खिडकी दिसते.

बारा वाजायला सहा मिनिटं. वसुधाताईंना चष्मा सापडलाय.